गव्हाची क्षारचाचणी टाकी : वापरण्याआधी हे वाचा

खारवट जमिनीसाठी गव्हाचा वाण तयार करणाऱ्या लहान बियाणे कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि कृषी महाविद्यालयांसाठी आम्ही हा संच ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये बनवतो. त्याचं काम एकच : नापास ओळी (वाण ठरण्याआधी निवडीत असलेली गव्हाची कुळं) लवकर बाजूला काढणं. टाकीत माती नसते, रोपं पोषक द्रावणात वाढतात. टाकीत पहिली आलेली ओळ शेतात जास्त उत्पादन देईलच असं नाही. तसं सांगून कोणी टाकी विकत असेल तर घेऊ नका.

टाकीत काय कळतं

मिठाचा मार दुहेरी असतो. पहिल्या दिवसापासून मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि जवळपास सगळ्याच वाणांची वाढ मंदावते. पुढे पानांत सोडियम साठतो, जुनी पानं टोकाकडून करपत येतात. वाणावाणांतला फरक टाकीत मुख्यतः इथे दिसतो. साध्या गव्हात ४डी गुणसूत्रावरचं केएनए१ हे जनुक सोडियमला पानापर्यंत चढू देत नाही. बन्सी (ड्युरम) आणि खपलीत गुणसूत्रांचा डी संचच नसतो, त्यामुळे त्यांच्या पानांत सोडियम जास्त सापडतो. म्हणून बन्सी आणि साधा गहू एकाच क्रमवारीत बसवू नका. एकदाणी गव्हातलं नॅक्स२ हे जनुक बन्सीच्या जातकुळीतल्या गव्हात आणल्यावर खारवट शेतात उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं.

प्रत्येक टाकीत तुलनेचे दोन वाण हवेतच. सहनशील म्हणून खारचिया ६५, आणि तुमच्या भागातला नेहमीचा, उदाहरणार्थ लोक-१. खारचिया उंच वाढतो, लोळतो, तांबेराही धरतो. तो शेतात पेरायचा नाही, संकरासाठी दाता म्हणून ठेवायचा. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचा केआरएल १-४ हा वाण खारचिया ६५ आणि डब्ल्यूएल ७११ यांच्याच संकरातला.

मीठ घालण्याची पद्धत (२० लिटर टाकी)

दाणे चाळून एकाच आकाराचे घ्या. मोठ्या दाण्याचं रोप सुरुवातीला दांडगं दिसतं आणि उगाच सहनशील ठरतं. दोन दिवस ओल्या टीपकागदावर मोड आणून दाणे झाकणाच्या छिद्रांत बसवा. द्रावण अर्ध्या ताकदीचं होगलंड (रोपांना लागणारी सगळी अन्नद्रव्यं असलेलं प्रमाणित द्रावण), सामू (पीएच) ६ ते ६.५, हवेचा पंप रात्रंदिवस चालू.

दुसरं पान निघाल्यावर मीठ सुरू करा. दर वेळी २९ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (दोन जलरेणूंचं), सकाळ-संध्याकाळ, असे चार हप्ते. म्हणजे द्रावणात सोडियम क्लोराइड १०० मिलिमोलर होतं आणि वाहकता मीटर (क्षार जास्त तितका आकडा मोठा) साधारण ११ ते १२ डेसीसायमन/मी. दाखवतो; पुढे नुसतं डेसीसायमन म्हटलंय. घाईत सगळं मीठ एकदम ओतलं तर रोपं काही तासांत माना टाकतात. मग तुम्ही मोजता तो धक्का, सहनशीलता नव्हे. कॅल्शियम वगळू नका. ते नसेल तर मुळांची गळती वाढते आणि चांगली ओळही नापास होते.

तिसरं पान निघाल्यापासून दहाव्या दिवशी फक्त त्याचं पातं कापा, ऊर्ध्वपातित पाण्यात झटकन बुडवून टिपा, ७० अंशांवर दोन दिवस वाळवा, वजन करून फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीच्या रंगावरून क्षार मोजणारं यंत्र) सोडियम आणि पोटॅशियम मोजा. पान कापल्याने रोप मरत नाही. एफ-२ मधलं (संकराच्या दुसऱ्या पिढीतलं) प्रत्येक रोप वेगळं असतं, त्यामुळे हे महत्त्वाचं : कमी सोडियमची रोपं गोड्या मातीच्या कुंडीत लावून त्यांचंच बी धरता येतं.

नेहमी चुकतं ते

पाणी आटलं की भर साध्या पाण्याची घाला, द्रावणाची नव्हे. नाहीतर आठवड्यात क्षार कुठच्या कुठे जातात. नवी पानं शिरांमध्ये पिवळी पडली तर मिठाला दोष देण्याआधी सामू बघा. तो ७ च्या वर गेला की लोह मिळत नाही.

ठाणे-नवी मुंबईतल्या ग्राहकांसाठी खास : दमट हवेत पानांतून बाष्प कमी जातं, त्यामुळे सोडियमही हळू चढतो आणि सगळेच वाण सहनशील वाटतात. चाचणी डिसेंबर-जानेवारीत घ्या किंवा खोलीत २० ते २५ अंश तापमान आणि ६० टक्क्यांच्या आत आर्द्रता ठेवा. खाडीचं पाणी वापरू का, हा प्रश्न बऱ्याचदा येतो. नको. भरती-ओहोटीबरोबर त्याची क्षारता बदलते, शिवाय त्यात मॅग्नेशियम असतं. मिठागरातलं खडेमीठही मॅग्नेशियममुळेच नको.

टाकीनंतर शेत

प्रमाणित तक्त्यांनुसार जमिनीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची) वाहकता ६ डेसीसायमन होईपर्यंत गव्हाचं उत्पादन घटत नाही. पुढच्या प्रत्येक डेसीसायमनला सुमारे ७ टक्के घट. म्हणजे १० वर साधारण २८ टक्के. पण खारवट शेतात चार पावलांवर आकडा बदलतो. दर आठ-दहा ओळींनंतर तुलनेचा वाण पेरा आणि प्रत्येक वाफ्याची वाहकता वेगळी मोजा, नाहीतर तुम्ही वाणाऐवजी जमिनीचा तुकडा निवडाल. टाकीत टिकलेली ओळ चांगल्या जमिनीतही पेरा. मिठात टिकणारी, पण गोड्या जमिनीत दोन फुटव्यांवर थांबणारी ओळ शेतकरी घेत नाही, कारण त्याचं सगळं शेत काही खारवट नसतं.

जमीन चोपण असेल, सामू ८.५ च्या वर असेल, तर या टाकीचा निकाल तिथे लावू नका. तिथे पाणी साचून मुळं गुदमरतात, आणि सतत हवा सोडलेल्या टाकीत ते कधीच दिसत नाही. अशा जमिनीसाठी त्याच मातीच्या कुंड्या भरून चाचणी करा.

वाहकता मीटर दर चाचणीआधी १२.८८ डेसीसायमनच्या प्रमाण द्रावणावर जुळवा. त्याची एक बाटली संचात आहे. उघडल्यावर तीन महिन्यांनी टाकून द्या.