टाळेबंदीतली हवा: मोजणी आधी काय होती, धडा नंतर कुठे गेला

मार्च २०२० मध्ये देश बंद झाला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पंजाबातल्या जालंधरच्या गच्च्यांवरून हिमालयातल्या धौलाधारच्या बर्फाळ रांगा दिसल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागले. त्याच सुमारास व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन आल्याच्या थापाही फिरत होत्या. धौलाधार मात्र खरा होता.

हवा स्वच्छ झाली हे डोळ्यांना दिसलं, पण किती आणि कशामुळे, हे सांगता आलं ते आधीपासून चालू असलेल्या मोजणीमुळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८४ मध्ये हवेची देशव्यापी तपासणी सुरू केली. पद्धत हाताची: आठवड्यातून दोन दिवस नमुने घ्यायचे, फिल्टर पेपर वजन करून नोंद ठेवायची. पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांसाठी मर्यादा ठरली ती थेट २००९ मध्ये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ‘सफर’ ही हवा सतत मोजणारी यंत्रणा २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत उभी राहिली, मग २०१३ ला पुण्यात आणि २०१५ ला मुंबईत आली. हवेचा राष्ट्रीय निर्देशांकही २०१५ चाच. हीच टाळेबंदी २००० साली झाली असती तर आपल्याकडे फोटो उरले असते, तासातासाचे आकडे नव्हे.

भारताआधी चीनमध्ये हे घडून गेलं होतं. २३ जानेवारीला वुहान बंद झालं आणि उपग्रहांच्या नकाशांवरून नायट्रोजन डायऑक्साइडचे लाल डाग विरळ झाले. पण फेब्रुवारीत, वाहतूक थंडावलेली असतानाही, बीजिंगवर दाट धुरकं आलंच. गाड्या थांबल्या की हवा सुधारते, इतकं ते सरळ नव्हतं.

आपल्याकडे हा गुंता आणखी ठळक दिसला. मंडळाच्या पाहणीत दिल्लीतला नायट्रोजन डायऑक्साइड निम्म्याहून अधिक घटला. हा वायू मुख्यतः इंधनाच्या ज्वलनातून येतो आणि हवेत काही तासच टिकतो, त्यामुळे रस्ते ओस पडताच त्याचा आकडा कोसळला. पीएम २.५ सुद्धा जवळपास निम्म्यावर आले, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या घनमीटरमागे २५ मायक्रोग्रॅमच्या दैनिक मर्यादेपेक्षा वरच राहिले. कारण चुली पेटत होत्या, औष्णिक वीजकेंद्रं कमी भारावर का होईना चालू होती, आणि हे कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात. उत्तर भारतात मार्चअखेर पाऊसही झाला होता. पावसाने धुतलेल्या हवेचं श्रेय टाळेबंदीच्या खात्यात जमा करणारे कमी नव्हते. नासाच्या उपग्रहांना उत्तरेत कणांचं प्रमाण वीस वर्षांत सर्वांत कमी दिसलं, दक्षिणेत मात्र तशी घट दिसेना.

जमिनीलगत असला की फुप्फुसांना त्रासदायक ठरणारा ओझोन तर अनेक शहरांत वाढला. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन खाऊन टाकतो. धूर थांबला, ऊन वाढलं, आणि ओझोनला मोकळं रान मिळालं.

त्यात १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं आणि इंधनाचं कडक मानक लागू झालं. इंधनातल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून (दर दहा लाख भागांत ५० भाग) १० वर आली. वर्षानुवर्षं वाट पाहिलेला हा बदल नेमका रस्ते रिकामे असताना झाला, म्हणून त्याचा परिणाम त्या उन्हाळ्यात वेगळा काढणंच कठीण झालं.

इंधन जाळणं कमी झालं की काय बदलतं, हे एवढ्या स्पष्टपणे पुन्हा कधी दिसेल असं वाटत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ पासून होताच. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या हवेसाठी ४,४०० कोटी ठेवले गेले. तरी सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा या कार्यक्रमाचा ६४ टक्के पैसा रस्त्यांवरची धूळ आवरण्यावर गेलेला निघाला. वाहनांच्या वाट्याला १३ टक्क्यांच्या आत, उद्योगांना एक टक्काही नाही. झाडणारी यंत्रं विकत घेता येतात, फोटोतही छान दिसतात. कारखान्याच्या चिमणीला हात घालणं महापालिकेला अवघड जातं.

मुंबईत २०२२-२३ च्या हिवाळ्यापासून हवा इतकी बिघडली की ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली: ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे, राडारोडा झाकून न्यायचा, पाणी मारायचं. नोव्हेंबरात न्यायालयाने दिवाळीतले फटाके आधी रात्री सात ते दहा आणि चारच दिवसांनी आठ ते दहा एवढ्यावर आणले.