रस्ते अपघातातील भरपाईचा दावा: पात्रता, कागदपत्रे आणि शवविच्छेदनाच्या वेळचे निर्णय

मोटार अपघातात कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर भरपाई मागण्याची रीत मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ठरवून दिलेली आहे. हा दावा नेहमीच्या दिवाणी न्यायालयात नव्हे, तर मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे चालतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. निकाल लागायला वर्षे जातात हे खरे. परंतु त्या निकालाचे वजन पुष्कळदा पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरलेले असते. त्या दिवसांत घरातले लोक शुद्धीवर नसतात आणि कागद मात्र तयार होत असतात. म्हणून ही माहिती अपघात होण्याआधी वाचून ठेवलेली बरी.

अर्ज कोणी करायचा, हे सोपे आहे. जखमी व्यक्ती स्वतः अर्ज करते. मृत्यू झाला असेल तर कायदेशीर प्रतिनिधी, म्हणजे पती किंवा पत्नी, मुले, आई-वडील हे अर्जदार होतात. सर्व वारसांनी मिळून एकच अर्ज करायचा असतो, आणि एखादा भाऊ किंवा मुलगा अर्जात यायला तयार नसेल तर त्याला सामनेवाला, म्हणजे विरुद्ध बाजूचा पक्षकार, म्हणून दाखवावे लागते. मुले अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असे लिहिलेले दिसेल. त्याचा अर्थ अज्ञान पालनकर्ती इतकाच आहे, त्याने घाबरून जाऊ नये. दावा वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध असतो. तो अपघात झाला त्या ठिकाणी, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो त्या ठिकाणी, किंवा सामनेवाला राहतो त्या ठिकाणी, यांपैकी कुठेही दाखल करता येतो. लातूरचे कुटुंब, मुलगा पुण्यात कामाला आणि अपघात खंबाटकी घाटात, अशी स्थिती असेल तर दर तारखेला साताऱ्याला जाण्याची गरज नाही. दावा लातुरात चालू शकतो.

आता कागदांकडे वळू. पहिला कागद पोलीस ठाण्यात नव्हे, दवाखान्यात तयार होतो. जखमीला आत घेताना अपघात विभागातील डॉक्टर ‘काय झाले’ असे विचारतात आणि सोबत आलेला माणूस जे सांगेल ते एका ओळीत लिहून घेतात. आणणारा बहुधा वाटसरू किंवा शेजारी असतो. त्याने प्रत्यक्ष काही पाहिलेले नसते. तो म्हणतो, ‘गाडीवरून पडला,’ आणि केसपेपरवर ‘दुचाकी घसरून पडल्याने जखमी’ अशी नोंद होते. पुढे फिर्यादीत ट्रकने मागून धडक दिल्याचे आले, तरी विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत हीच ओळ पुढे ठेवतात आणि ट्रक मागाहून घुसवला, असा बचाव घेतात. त्यामुळे जवळचे कोणी दवाखान्यात पोहोचले की पहिल्या तासाभरात ही नोंद वाचून घ्यावी, चुकीची असल्यास डॉक्टरांना सांगून खरी हकिगत जखमीच्या किंवा प्रत्यक्षदर्शीच्या तोंडून नोंदवून घ्यावी आणि ‘एमएलसी’ (पोलिसांना कळवावे लागणारे वैद्यकीय प्रकरण) म्हणून पोलिसांना कळवले गेले आहे का ते विचारावे. जुनी नोंद खोडायला लावू नये. खाडाखोड ही चुकीच्या नोंदीपेक्षाही वाईट दिसते.

खर्चाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. अनामत रक्कम भरण्याआधी हे विचारून पाहावे.

फिर्याद शक्यतो उशीर न करता द्यावी आणि तीत वाहनाचा क्रमांक असावा. हद्द कोणाची, या वादात न पडता कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांना भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात. हयगयीने मृत्यूसाठी पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील ३०४-अ ऐवजी आता १०६(१) दिसेल. २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. नियम चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर घरी बसून राहू नये. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, जखमेचे प्रमाणपत्र, आरसी, चालकाचा परवाना, विमा पॉलिसी आणि दोषारोपपत्र यांच्या प्रती स्वतः मिळवून ठेवाव्यात.

मृत्यू झालेला असेल तेव्हा पहिला अवघड निर्णय शवविच्छेदनाचा असतो, आणि अंत्यविधीच्या इच्छेचा प्रश्न नेमका इथेच दाव्याशी भिडतो. ‘माझ्या देहाची चिरफाड करू नका’ असे वडीलधारे आयुष्यभर सांगत आलेले असतात. डोक्याला मार लागलेला माणूस आठ-दहा दिवसांनी घरी आणल्यावर गेला, तर गावात लोक सरळ अंत्यसंस्कार उरकतात. त्यामागे श्रद्धा असते आणि घाईही. परंतु शवविच्छेदन अहवाल नसला की मृत्यू त्याच जखमेमुळे झाला, हे सिद्ध करण्याचा सर्वांत भक्कम पुरावा चितेवरच जातो. उरतात ती उपचाराची कागदपत्रे आणि डॉक्टरांची साक्ष. त्यांवर दावा उभा राहू शकतो, पण लंगडत. म्हणून अपघातानंतर काही आठवड्यांनी घरी मृत्यू झाला तरी पोलिसांना कळवून अकस्मात मृत्यूची नोंद, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्यावे, आणि देह मिळाल्यावरच्या ताबा पावतीची प्रत जपावी. रात्र झाली म्हणून सकाळपर्यंत थांबावेच लागते असेही नाही. नोव्हेंबर २०२१ पासून पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्याची मुभा आहे.

देहदानाचा संकल्प केलेल्यांच्या घरी हा पेच अधिक कडू होतो. शवविच्छेदन झालेला देह वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीररचनाशास्त्र विभाग स्वीकारत नाही, त्यामुळे अपघाती मृत्यूत देहदानाचा अर्ज भरलेला असूनही तो पाळता येत नाही. नेत्रदानाचे मात्र तसे नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात शवविच्छेदनासाठी आणलेल्या देहाचीही तरतूद आहे. नातेवाइकांनी पोलीस व डॉक्टर यांना लगेच सांगितले आणि मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक पोहोचले, तर ती इच्छा पुरी होते. ज्याला आपल्या अंत्यविधीबद्दल काही सांगायचे आहे, त्याने ते मृत्युपत्रात लिहून कपाटात ठेवणे ही चुकीची जागा आहे. मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतर उघडले जाते, आणि त्यातील असा मजकूर वारसांवर बंधनकारक करणारी सर्वसाधारण तरतूद आपल्याकडे नाही. वेगळ्या कागदावर दहन की दफन, विधी करावेत की नाहीत, नेत्रदान, आणि ‘अपघात झाल्यास शवविच्छेदनास माझी हरकत नाही’ अशी स्पष्ट ओळ लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, एक प्रत जोडीदाराकडे व एक मुलांकडे द्यावी. त्या ओळीला कायद्याचे बळ नसले, तरी शवागाराबाहेर काका-मामांचा वाद मिटवायला ती पुरते.

मुदतीचा मुद्दा सध्या नाजूक आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट पुन्हा आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम आदेश बदलू शकतो. सहा महिने हीच आपली मुदत समजून चालावे.

धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर वेगळा मार्ग आहे. २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी वकील लागत नाही; अर्ज तालुक्याच्या महसुली अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात, द्यायचा आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. वाहन सापडले असेल पण चूक कोणाची यावर वाद घालायचा नसेल, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी ठरीव रक्कम मागता येते. ती स्वीकारली की कलम १६६ चा, म्हणजे चूक सिद्ध करून मागायचा, मोठा दावा संपतो. कमावता माणूस गेलेल्या कुटुंबाने विमा कंपनीच्या प्रतिनिधीने पुढे केलेल्या अशा कागदावर सही करण्यापूर्वी पुढचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

समजा, ३८ वर्षांचा शिंपी महिन्याला पंधरा हजार कमावत होता. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वार्षिक उत्पन्न १,८०,०००. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे: २,५२,०००. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: १,८९,०००. या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचे; या वयाचा गुणक १५, म्हणजे २८,३५,०००. हे गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा प्रकरणात निश्चित केले आणि भविष्यातील वाढीचे प्रमाण २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात. त्याच निकालाने अंत्यविधीच्या खर्चासाठी १५,००० रुपये ठरवून दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ दिली; दोन वाढींनंतर ही रक्कम अठरा हजारांच्या आसपास जाते. ती ठरीव असल्यामुळे त्यासाठी लाकडांच्या पावत्या जमवत बसू नये.

खरा झगडा त्या पंधरा हजारांवर होतो. पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र नसेल तर दुकानाचा परवाना, बँकेचे पासबुक, दूध डेअरीची किंवा ऊस बिले, ग्राहकांची साक्ष हे सगळे चालते. काहीच नसेल तर प्राधिकरण बहुधा किमान वेतनाकडे पाहते. शेतकऱ्यांनी एक लक्षात घ्यावे की केवळ सातबारा जोडून भागत नाही. जमीन वारसांकडेच राहते, म्हणून न्यायालय विचारते की गेले ते कष्ट आणि देखरेख यांचे मोल किती. गृहिणीच्या कामालाही मूल्य आहे, ‘काही कमावत नव्हती’ असे अर्जात कधीही लिहू नये.

जखमींच्या दाव्यात अपंगत्वाचे प्रमाणपत्र निर्णायक असते, पण त्यावरील टक्का तसाच्या तसा लागत नाही. पायाला ४० टक्के अपंगत्व आलेला कारकून खुर्चीवर बसून नोकरी टिकवतो. तोच पाय गवंड्याचा असेल तर परांचीवर चढणे संपते आणि त्याचे कमाईचे नुकसान शंभर टक्क्यांपर्यंतही धरले जाऊ शकते. म्हणून आपण दिवसभर नेमके काय काम करत होतो, किती वजन उचलत होतो, हे शपथपत्रात तपशिलाने यावे आणि प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी. औषधांची मूळ बिले तारखेनुसार लावावीत. मेडिक्लेमकडे मूळ बिले द्यावी लागली तर आधी प्रमाणित प्रती घ्याव्यात; मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

वकिलांशी बोलताना ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असा करार करू नये. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला तशी फी ठरवताच येत नाही. दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या मध्यस्थाला कोऱ्या वकीलपत्रावर सही देऊ नये, हे वेगळे सांगायला नको होते, पण सांगावे लागते. स्त्रिया, अज्ञान मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो.

लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नसते, त्यामुळे आकडा तिथेच नीट तपासावा. प्राधिकरणाचा निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर करता येत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील लोकांना त्यासाठी आता मुंबईला जावे लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे. मंजूर रकमेचा बराच भाग, विशेषतः मुलांच्या वाट्याचा, राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गुंतवण्याचा आदेश होतो. मधल्या काळात शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी पैसे लागले, तर प्रवेशाची पावती किंवा दवाखान्याचे अंदाजपत्रक जोडून त्याच प्राधिकरणाकडे ठेव मोडण्याची परवानगी मागता येते.