तंबू आतून ओला का होतो?

पाठीवर वाहून न्यायचा हलका तंबू निवडताना बहुतेक जण दोनच आकडे पाहतात : वजन किती ग्रॅम आणि कापड किती मिलिमीटर जलरोधक. वजनाचा आकडा सरळ आहे. दुसऱ्या आकड्याभोवती मात्र गैरसमज आणि जाहिरातबाजी यांचे दाट जाळे विणलेले आहे. सकाळी छताच्या आतल्या बाजूला थेंब लोंबताना दिसले की ‘तंबू गळतो’ असा निष्कर्ष काढला जातो आणि पुढच्या वेळी अधिक मिलिमीटरचा, म्हणजेच बहुधा अधिक जड, तंबू घेतला जातो. तोही सकाळी तितकाच ओला सापडतो, कारण ते पाणी बाहेरून कापडातून आलेलेच नसते.

मिलिमीटरचा आकडा पाण्याच्या स्तंभाची उंची सांगतो. प्रयोगशाळेत कापडाच्या एका बाजूने पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब उमटले की तो दाब नोंदवतात. १५०० मिलिमीटर म्हणजे दीड मीटर उंच स्तंभाचा दाब, सुमारे १४.७ किलोपास्कल, अर्थात वातावरणाच्या दाबाचा सातवा हिस्सा. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो तेव्हा क्षणभर याहून अधिक दाब निर्माण होतो हे खरे. परंतु तो सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता टिकतो, ताणलेले कापड किंचित मागे सरते आणि कापडावरचा जलरोधक लेप अखंड असेल तर तेवढ्या वेळात पाण्याला आरपार जाता येत नाही. म्हणून छतासाठी १२०० ते १५०० मिलिमीटर सहसा पुरतात. तळाची गोष्ट वेगळी आहे. गुडघा टेकल्यावर ३५० न्यूटन भार ५० चौरस सेंटिमीटरवर एकवटला, तर दाब ७० किलोपास्कल, म्हणजे ७ मीटर उंच स्तंभाइतका होतो. तळाच्या कापडाला जाड लेप देतात तो यासाठी. शिवणीतली सुईची भोके हाही कच्चा दुवा असतो; ती पट्टीने किंवा द्रवरूप सिलिकोनने बंद केलेली आहेत की नाहीत, हे पाहणे छताच्या मिलिमीटरपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

मग आतले पाणी येते कुठून? मुख्यतः आत झोपलेल्या माणसाकडून. प्रौढ व्यक्ती घाम न येताही दिवसाला साधारण ८०० मिलिलिटर पाणी श्वासावाटे आणि त्वचेवाटे बाष्परूपाने बाहेर टाकते. आठ तासांच्या झोपेत हे पाव लिटरच्या आसपास जाते, म्हणजे तासाला अंदाजे ३० ग्रॅम. दोघे झोपले असतील तर दुप्पट. ओले कपडे आणि ओलसर जमीन यांची भर निराळीच.

हे बाष्प हवेत किती मावते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. २० अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प राहू शकते, १० अंशांना ९.४ ग्रॅम आणि शून्य अंशाला ४.८ ग्रॅम. समजा बाहेरची हवा १० अंशांची असून तिची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के आहे. तिच्यात आधीच ८.५ ग्रॅम बाष्प असल्यामुळे प्रत्येक घनमीटरमागे केवळ ०.९ ग्रॅमची जागा उरते. छताचे तापमान बाहेरच्या हवेइतकेच आहे असे धरले, तर ३० ग्रॅम बाष्प वाहून नेण्यासाठी तासाला सुमारे ३३ घनमीटर हवा तंबूतून खेळली पाहिजे. एका माणसाच्या तंबूत साधारण २ घनमीटर हवा असते. म्हणजे ती सगळी दर चार मिनिटांनी बदलायला हवी! तेच बाहेरची आर्द्रता ५० टक्के असेल तर प्रत्येक घनमीटरमागे ४.७ ग्रॅमची जागा मिळते आणि वीस मिनिटांत एकदा हवा बदलली तरी भागते. एकाच तंबूला कोरड्या उंचवट्यावर नावाजणारे आणि नदीकाठी नावे ठेवणारे, दोघेही खरे बोलत असतात.

आतापर्यंत छत बाहेरच्या हवेइतकेच गार आहे असे धरले होते. निरभ्र, निवांत रात्री ते तसे राहत नाही, आणि या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग तो हाच. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त प्रारणे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणे, बाहेर टाकत असते. १० अंशांचे कापड प्रत्येक चौरस मीटरमधून आकाशाच्या दिशेने साधारण ३५० वॅट ऊर्जा सोडते. ढगाळ आकाश त्यातली बरीचशी परत पाठवते. परंतु ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात निरभ्र, कोरडे वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक असते आणि त्या खिडकीतून ऊर्जा थेट अवकाशात निघून जाते. हिशेबाअंती चौरस मीटरमागे ६० ते १०० वॅटचा तोटा उरतो. जमीन हा तोटा खालच्या थरांतल्या उष्णतेतून काही प्रमाणात भरून काढते. हलक्या तंबूच्या कापडाजवळ असा साठा नसतो. त्याचे वजन चौरस मीटरला ४० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे एक अंश गार व्हायला त्याला जेमतेम ६० जूल गमवावे लागतात. हवेने उष्णता पुरवली नसती तर ते सुरुवातीला सेकंदाला एक अंश या वेगाने गार झाले असते. प्रत्यक्षात भोवतालची हवा ते तापमान सावरून धरते, तरीही शांत हवेत छत काही अंशांनी गार पडतेच.

आता मघाचेच उदाहरण पुन्हा घ्या. १० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, सुमारे ८.४ अंश आहे. छत ८ अंशांपर्यंत उतरले की बाहेरून आलेली ताजी हवाच त्यावर दव सोडू लागते. आत कोणी झोपलेले नसले तरी सांद्रीभवन, म्हणजे बाष्पाचे पाणी, होणारच, आणि सगळे झरोके उघडे ठेवले तरी ते थांबणार नाही. ही मर्यादा कोणत्याही किमतीच्या तंबूला चुकलेली नाही. उपाय एकच : छताला दिसणारे आकाश कमी करणे. झाडाची पाने हवेच्या तापमानाच्या जवळपास असतात आणि कापडाने सोडलेली बरीचशी ऊर्जा परत करतात, त्यामुळे झाडाखालचा तंबू मोकळ्या मैदानातल्या तंबूपेक्षा कोरडा राहतो. अर्थात वाळक्या फांद्यांखाली तंबू लावू नये. खोलगट जागाही टाळावी, कारण रात्री गार आणि जड झालेली हवा तिथे साचते.

दव आकाशातून खाली उतरते, ते चंद्राच्या शीतल किरणांमुळे बनते, अशा समजुती शतकानुशतके चालत आल्या. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधील वैद्याने १८१४ मध्ये त्यांना पद्धतशीर उत्तर दिले. लोकरीचे समान वजनाचे झुपके फळीच्या वर आणि खाली ठेवून, रात्रीनंतर त्यांचे वजन करून, आकाशाला सामोऱ्या असलेल्या झुपक्यावर अधिक दव जमते हे त्याने दाखवले. चांदणे लख्ख दिसते ते आकाश निरभ्र असते म्हणून, आणि दव जमते तेही त्याच कारणाने. चंद्राचा त्यात काहीही हात नाही. तरीही चांदण्यात झोपल्याने गारठा बाधतो, असे आजही गंभीरपणे सांगितले जाते.

ज्या रात्री छत दवबिंदूच्या वर राहते, त्या रात्री झरोक्यांचा खरा उपयोग होतो. गरम हवा वरच्या झरोक्यातून आपोआप निघून जाईल, ही अपेक्षा फार आशावादी आहे. आतली हवा बाहेरच्यापेक्षा ३ अंश उबदार आणि दोन झरोक्यांमधील उंची १ मीटर धरली, तर दाबातला फरक जेमतेम ०.१२ पास्कल येतो. सेकंदाला २ मीटर वेगाची मंद झुळूक सुमारे २.४ पास्कल, म्हणजे वीसपट दाब देते. वारा पडलेला असताना हवा झरोक्यातून सेकंदाला ०.३ मीटर वेगाने जाते असे धरले, तर मघाच्या ३३ घनमीटरसाठी सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा लागेल. कित्येक तंबूंचा झरोका याच्या निम्मासुद्धा नसतो आणि त्यावर पुन्हा मच्छरजाळी असते. म्हणून छताची खालची कडा जमिनीपासून हातभर वर घेता येते का, दोन्ही बाजूंची दारे पाऊस आत न येता अर्धी उघडी राहतात का, हे तंबू घेण्यापूर्वी लावून पाहावे.

दुहेरी तंबूत जाळीचा आतला कप्पा आणि बाहेरचे छत वेगवेगळे असतात. छतावरचे थेंब घरंगळून बाहेर पडतात आणि अंगाला किंवा झोपण्याच्या पिशवीला छताचा स्पर्श होत नाही. एकेरी तंबू अर्धा किलो, कधी त्याहूनही अधिक हलका पडतो, पण दमट रात्री त्यात छत सतत पुसावे लागते. त्यातच पाऊस आला की आपटणारे थेंब छताला हादरे देतात, आत जमलेले दव बारीक तुषारांच्या रूपाने अंगावर पडते आणि पाऊसच झिरपला असे वाटते. हवामान सतत बदलणार असेल तर मी दुहेरीच तंबू सुचवेन. मात्र जोरदार वारा आणि थंडी अपेक्षित असल्यास आतला कप्पा निम्म्या उंचीपर्यंत तरी विणलेल्या कापडाचा असावा.

कापडांत नायलॉन त्याच वजनात पॉलिएस्टरपेक्षा सहसा चिवट ठरते, परंतु ते आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओलावा शोषून सैलावते. संध्याकाळी ताठ लावलेले छत मध्यरात्री झोळ धरून आतल्या कप्प्याला चिकटते आणि दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के शोषते आणि उन्हातही अधिक टिकते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटरला तो चौरस मीटरमागे सुमारे ६० न्यूटन असतो, २० मीटरला २४० न्यूटन. त्यामुळे उंच सपाट भिंतींचा तंबू कितीही प्रशस्त वाटला तरी उघड्या कड्यावर तो धोक्याचा. बुटकी, उतरती छते आणि एकमेकांना छेदणारे खांब वारा चांगला सोसतात. बर्फाचा भार पेलायला मजबूत सांगाडा लागतो, आणि तो हलक्या तंबूकडून मागणे अन्यायाचे आहे.

वजनाचा विचार करताना सकाळचे वजनही धरावे. छताच्या दोन्ही बाजूंना जमलेले दोन-तीनशे ग्रॅम पाणी घडीबरोबर पाठीवर येते आणि महागड्या कापडाने वाचवलेले वजन तिथेच खर्ची पडते. निघण्यापूर्वी छत झटकून, फडक्याने पुसून घ्यावे आणि दुपारच्या मुक्कामी उन्हावाऱ्याला पसरावे. पॉलियुरेथेनचा लेप असेल तर हे आणखी गरजेचे आहे, कारण ओलाव्यात त्याच्या रेणूंचे हळूहळू जलापघटन होते, म्हणजे पाण्यामुळे ते तुटत जातात, लेप चिकट होतो, पापुद्र्यांसारखा सुटू लागतो, आणि मग तो तंबू खरोखरच गळू लागतो.