बाराशे सीसीची रेघ : दमदार हॅचबॅक भारतात दुर्मीळ का झाल्या

विकायला काढलेल्या जुन्या फियाट पालिओच्या डिकीवर ‘जीटीएक्स’ (म्हणजे तिची दमदार १.६ लिटर आवृत्ती) लिहिलेलं असलं, तरी आधी आरसी बुक मागून घ्यावं. इंजिनाच्या घनक्षमतेपुढे (सीसी) १५९६ दिसलं तर गाडी खरी. १२४२ दिसलं, तर कोणीतरी हौसेने अक्षरं चिकटवली आहेत. फोक्सवॅगन पोलोच्या बाबतीत नजर आणखी बारीक लागते. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) असलेल्या जीटी टीएसआयचा आकडा ११९७, तर साध्या तीन सिलिंडरवाल्या पेट्रोल पोलोचा ११९८. फरक एका सीसीचा, पण एक्स्प्रेस-वेवर ओव्हरटेक करताना गाड्या दोन वेगळ्या जातीच्या. हे आकडे असेच का, याचं कारण कारखान्यात कमी आणि दिल्लीच्या अर्थ मंत्रालयात जास्त सापडतं.

सुरुवात कुर्ल्यापासून करावी लागते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने जिथे प्रीमियर पद्मिनी घडवली, त्याच कुर्ल्यात पुढे फियाटने पालिओ बनवली. ब्राझीलमध्ये १९९६ साली आलेली ही गाडी मुळातच खराब रस्त्यांच्या देशांसाठी आखलेली होती. भारतात ती सप्टेंबर २००१ मध्ये आली, तेव्हा तिचा चेहरामोहरा इटलीचे डिझायनर जुजारो यांनी नव्याने रेखलेला होता. झेन, सँट्रो पन्नास-साठ हॉर्सपॉवरवर समाधानी होत्या, त्या काळात फियाटने छोट्या गाडीत १.६ लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं, सुमारे १०० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. जाहिरातीला सचिन तेंडुलकर. त्याच्या दहा नंबरच्या जर्सीवरून ‘एस टेन’ नावाच्या पिवळ्या पालिओ निघाल्या, त्याही मोजून ५००.

गाडी भक्कम होती. दार लावलं की ‘धप्प’ असा आवाज यायचा, आणि त्या आवाजावर भाळून गाडी घेणारे लोक होते. पण पत्रा जड, त्यात १.६ ला पेट्रोल भरपूर लागायचं. ‘अॅव्हरेज किती देते?’ या प्रश्नापाशी आपल्याकडे भल्याभल्या गाड्या आडव्या झाल्या आहेत. फियाटच्या सर्व्हिसबद्दलही लोक फारसं बरं बोलत नसत. जीटीएक्स हौशी माणसांची गाडी म्हणूनच राहिली आणि थोडीच खपली. आज तिचे सुटे भाग मिळताना मारामार होते, त्याची मुळं या कमी खपात आहेत.

मग २००६ चा अर्थसंकल्प आला. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं आणि ‘लहान’ म्हणजे काय तेही ठरवून दिलं : लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. लांबीत बसूनही इंजिन मोठं असेल तर सवलत नाही. जोरकस हॅचबॅकचं समीकरण या एका रेघेने बिघडलं. पालिओचं साधं १२४२ सीसीचं इंजिनसुद्धा ४२ सीसीने बाहेर पडलं. पुढच्या पालिओ स्टाइलमध्ये फियाटने १.१ लिटरचं इंजिन दिलं. मोठं १.६ सोबत होतं, पण शोरूममध्ये ते कोण मागणार? मारुती स्विफ्टचंही तेच झालं. २००५ मध्ये १.३ पेट्रोलवर आलेली स्विफ्ट २०१० मध्ये ११९७ सीसीवर उतरली. जुन्या १.३ च्या ओढीची आठवण काढणारे आजही भेटतात, आणि त्यात निव्वळ भाबडेपणा आहे असं मला वाटत नाही.

डिझेलची मर्यादा सैल होती. त्यामुळे फियाटचंच १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत सगळीकडे पोचलं. फियाटच्या गाड्या फार खपल्या नाहीत, तिचं इंजिन मात्र दुसऱ्यांच्या बॉनेटखाली घरोघरी गेलं.

पेट्रोलमध्ये रेघ न ओलांडता ताकद हवी असेल तर एकच वाट होती, टर्बो. चाकणच्या कारखान्यातून २०१० पासून पोलो बाहेर पडू लागली. तिची १.६ पेट्रोल आवृत्ती कराच्या ओझ्याखाली फार टिकली नाही. २०१३ मध्ये आलेली जीटी टीएसआय मात्र बरोबर रेघेच्या आत बसली : ११९७ सीसी, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर ओढ (टॉर्क) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. हा डीएसजी कोरड्या दुहेरी क्लचचा. मोकळ्या रस्त्यावर झकास, पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लच तापतो आणि झिजतो. शिवाय त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक मेंदू, बिघडलं तर जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने खर्च डोळे पांढरे करणारा असतो. २०१३ सालीच कंपनीने या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरण्याची मोहीम जगभर राबवली होती. गाडी बघायला जाल तेव्हा रिकाम्या रस्त्यावर चक्कर मारून काही कळत नाही. संध्याकाळी सातच्या गर्दीत न्या, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पंधरा मिनिटं रांगू द्या. धक्के, थरथर, उशिरा पकडणारा गिअर, जे असेल ते तिथे दिसतं.

रेघेला न जुमानणारी एक गाडी रांजणगावातून निघाली. टाटा-फियाटच्या तिथल्या कारखान्यात बनलेली अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये आली. इंजिन १३६८ सीसी टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत दहा लाखांच्या जरा आत. लांबी चार मीटरच्या आत असूनही इंजिनामुळे जादा कर भरावा लागे, तरीही त्या पैशात इतकी ताकद देणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढे तीन-चार वर्षांत फियाटनेच भारतातलं दुकान आवरलं. आज त्यातली चांगली गाडी विकायला निघाली की जाहिरात फार दिवस राहत नाही.

ही पार्श्वभूमी खिशाशी थेट जोडलेली आहे. पालिओ १.६ यंत्र म्हणून सोपी आहे, जाणता मेकॅनिक ती डोळे मिटून उघडेल, पण भाग शोधत फिरावं लागतं. सिएना, पेट्रा आणि अॅडव्हेंचर या तिच्याच घरच्या गाड्या, त्यामुळे बरंच काही एकमेकींना चालतं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या दुकानांत, पुण्यात नाना पेठेत नशीब आजमावता येतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा रबरी पट्टा, मात्र किलोमीटरवर जोखू नका. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, म्हणून शेवटच्या बदलाचं बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बदला. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा, पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. नक्षी शाबूत आणि टायर दहा वर्षांचा, असं जुन्या हौशी गाडीत हमखास दिसतं.

ताकद वाढवायला गाडीत केलेल्या बदलांच्या (मॉडिफिकेशन) बाबतीत टर्बो गाड्यांनी सवय बिघडवली. नैसर्गिक श्वासाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, १.६ मधून दहा हॉर्सपॉवर जास्त काढायला कॅम, हेड, एक्झॉस्ट असा सगळा संसार हलवावा लागतो. टर्बोत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप केला (त्यातली आकडेमोड बदलली) की लॅपटॉपवर काम होतं. गाडी उडते खरी, पण वाढीव टॉर्क सोसतो तो आधीच झिजलेला क्लच. माझ्या मते जुन्या गाडीत पहिला पैसा सस्पेन्शनचे रबरी बुश, लोअर आर्म, शॉकअप आणि ब्रेकवर जावा. हे कोणी ऐकत नाही, कारण नव्या बुशचा आवाज शेजाऱ्याला ऐकू जात नाही.

कायदा तर अधिकच कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदींशी विसंगत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलामागे प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो, ते वेगळंच.

कुर्ल्यातल्या सगळ्या पालिओ आता पंधरा वर्षं ओलांडून गेल्या आहेत, म्हणजे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग आणि ग्रीन टॅक्स. त्या तपासणीत कर्कश सायलेन्सर आणि जमिनीला टेकलेलं सस्पेन्शन आड येतं, म्हणून मूळ भाग विकणाऱ्याकडून मागून घ्यावेत. रेघेचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आणि बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्या ४० वर गेल्या. पेट्रोलसाठीची मर्यादा मात्र अजूनही बाराशे सीसी आणि चार मीटरच आहे.