मोगरा, नागपूरचं ऊन आणि कूलरचं पाणी
(आमच्या रोपवाटिकेतून मोगरा नेणाऱ्यांसाठी)

पानांच्या कडा करपल्या म्हणून मे महिन्यात कुणी आलं, की आम्ही आधी एकच विचारतो: कूलरमधलं उरलेलं पाणी कुंडीत ओतता का? बहुतेकदा उत्तर ‘हो’ असतं.

कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. आपण रोज वरून नवं पाणी भरतो आणि क्षार साठत जातात. जाळीवर धरणारा पांढरा थर त्यांचाच. बोअरचं पाणी असेल तर हे आणखी लवकर होतं. असं पाणी मुळांशी गेलं की आधी पानांच्या कडा जळतात, मग कळ्या गळतात. ते अंगणात शिंपडा, गच्ची धुवा. कुंडीत मात्र नको.

दुसरी गोष्ट हिरव्या नेटची. इतर झाडांबरोबर मोगराही नेटखाली ठेवला जातो आणि मग नुसती पानं वाढतात. मोगऱ्याला दिवसातून पाच-सहा तास तरी थेट ऊन हवंच. पारा 45 वर गेला तरी त्याला खरा त्रास तापलेल्या कुंडीचा होतो. स्लॅबवर थेट न ठेवता कुंडी विटांवर ठेवा, भोवती ओलं पोतं गुंडाळा. पाणी पहाटे द्या; नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) संध्याकाळी स्लॅब निवल्यावर पुन्हा एकदा. दुपारी पानं मलूल दिसली तरी थांबा. त्या वेळी पाइपातून कढत पाणी येतं.

आपल्याकडची काळी माती एकटी वापरू नका. भिजली की चिकट होते, वाळली की भेगाळते. दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग जुनं शेणखत आणि मूठभर निंबोळी ढेप (पेंड), एवढं पुरतं. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर झाडाला लोह मिळत नाही असं समजा. चुनखडीच्या मातीत हे नेहमीचं आहे. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारा. फरशीवर पडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

आता छाटणी. यालाच लोक सर्वात जास्त घाबरतात, आणि फुलं सगळी हिच्यावरच अवलंबून आहेत. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. जुनी फांदी तशीच ठेवली तर फुलं तुरळक येतात. डिसेंबरात पाणी कमी करा. संक्रांत झाली की झाड निर्धास्तपणे अर्ध्यावर आणा, उरलेली पानं ओरबाडा, वरची माती हलवून शेणखत द्या आणि पाणी सुरू करा. एक बहर ओसरला की सुकलेल्या फुलांखालचं टोक खुडा, पुढची फूट लवकर येते.

गजऱ्यासाठी टपोरी झालेली, पण न उमललेली पांढरी कळी सकाळीच तोडा. ती संध्याकाळी उमलते. सीताबर्डीच्या फूलबाजारातही कळ्याच विकायला येतात, त्या याचसाठी. गजऱ्याला गोल, भरगच्च बटमोगरा घ्या. देवाला वाहायला लांबट कळीचा मदनबाण आम्हाला जास्त आवडतो.

एवढं करूनही झाड रुसलं, तर एक पान आणि कुंडीतली मूठभर माती घेऊन या. बघून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.