मृत्पात्री, मुंबईतील नित्योपयोगी

रोजच्या वापरातील मातीची भांडी घडवण्याचा व्यवसाय. माठ, रांजण, सुगडी, पणत्या व कुंड्या ही मुख्य उत्पादने. सध्याचे प्रमुख केंद्र धारावीतील कुंभारवाडा. तेथील बहुसंख्य कारागीर मूळचे सौराष्ट्रातील प्रजापती समाजाचे आहेत.

या वसाहतीच्या काळाविषयी एकवाक्यता नाही. काहींच्या मते ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुष्काळांमुळे झाली, तर इतर अभ्यासक 1930 च्या दशकाकडे बोट दाखवतात. दक्षिण मुंबईतही कुंभारवाडा नावाचा भाग आहे. तेव्हा कुंभार आधी शहरात आले व शहर वाढले तसे भट्ट्यांसह उत्तरेकडे सरकले, असे धरल्यास दोन्ही मतांचा मेळ बसतो; तेच अधिक ग्राह्य वाटते.

माठ दोन टप्प्यांत घडतो. चाकावर जाड भिंतीचे, लहान घेराचे भांडे उतरवतात. गळा व काठ तेव्हाच पुरा करतात. ते अर्धवट वाळले की आतून गुळगुळीत गोळा टेकवून बाहेरून लाकडी फळीने ठोकत पोट फुगवतात. ठोक्यागणिक भिंत पातळ होते, माती आवळते व बूड गोल येते. एवढी पातळ, रुंद भिंत ओल्या मातीत चाकावर तगत नाही. पुढे भट्टी; धारावीत जळण म्हणून कापसाचा टाकाऊ चुरा व चिंध्या वापरत आले आहेत.

साधारण 700 ते 900° से. तापमानात माती पक्की होते, पण तिची छिद्रे उघडी राहतात. त्यांतून पाझरलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेते. मुंबईच्या दमट हवेत ही क्रिया मंदावते; म्हणून तोच माठ विदर्भात जास्त गार पाणी देतो. येथे कुंभाराला दोष देण्यापूर्वी माठ वाऱ्यावर ठेवून पाहावा. क्षार साचून छिद्रे बुजली की मात्र माठ बदलावा लागतो.

सर ज. जी. कला विद्यालयात जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या देखरेखीखाली 1870 च्या दशकात चकाकीची, म्हणजे काचेसारखा लेप भाजून चढवलेली, भांडी होऊ लागली. या भांड्यांचे तंत्र सिंधच्या परंपरेतले, नक्षीत अजिंठ्याची छाया. संग्रहालयांत त्यांना मान मिळाला. स्वयंपाकघरात ती फारशी आली नाहीत.

लोणच्याच्या बरण्या वेगळ्या मातीच्या व सुमारे 1,200° से. किंवा अधिक तापमानात भाजलेल्या असल्याने झिरपत नाहीत. कमी तापमानाच्या चकाकीत शिसे असल्यास ते आंबट पदार्थात उतरते. अशा भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवू नये.