चित्रगुप्ताची चूक आणि कलर फिल्मची टंचाई

२ मे १९४५ ची रात्र. एक लँकेस्टर बॉम्बर पेटलेल्या अवस्थेत इंग्लंडच्या किनाऱ्याकडे येतंय, वायरलेसवाला जागेवरच मेलाय, बाकीच्यांना उड्या मारायला लावल्यात, आणि पायलट पीटर कार्टरच्या स्वतःच्या पॅराशूटच्या चिंध्या झाल्यात. अशा वेळी हा गडी रेडिओवर जून नावाच्या एका अनोळखी अमेरिकन मुलीला कविता म्हणून दाखवतो, आईला द्यायचा निरोप सांगतो, जाता जाता थोडं फ्लर्टही करतो आणि मग सरळ उडी मारतो. मरायलाच हवा, पण खाली धुकं इतकं दाट की त्याला न्यायला आलेल्या दूताला तो सापडतच नाही. वर हजेरीला एक माणूस कमी भरतो. दूत दुसऱ्या दिवशी न्यायला येतो तोवर साहेब त्याच मुलीच्या प्रेमात पडलेले, आणि म्हणतात, चूक तुमची, मी का येऊ, अपील करतो.

'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' (१९४६) या ब्रिटिश पिक्चरची स्टोरी एवढीच. आपल्याला तर ही लगेच कळते कारण चित्रगुप्ताच्या वहीतला घोळ आणि यमाशी हुज्जत हे दोन्ही आपण लहानपणापासून ऐकत आलोय. फरक इतकाच की सावित्रीने एकटीने बोलण्यात गुंडाळून काम केलं आणि इथे रीतसर कोर्ट बसतं, ज्युरी, वकील, सगळं.

गंमत म्हणजे हा एवढा रोमँटिक पिक्चर निघाला तो चक्क सरकारी सूचनेवरून. युद्ध संपत आलं तसे ब्रिटन आणि अमेरिकेचे संबंध कुरकुरायला लागले होते. अमेरिकन सैनिकांचा पगार जास्त, सिगरेटी-चॉकलेटं भरपूर, इथल्या मुली त्यांच्यावर फिदा, तर ब्रिटिश पोरांचा जळफळाट होणारच की. तेव्हा माहिती मंत्रालयाने मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या पिक्चर बनवणाऱ्या जोडीला सुचवलं की दोन देशांची मैत्री टिकेल असं काहीतरी करा. यांनी काय केलं तर जोडीच उलटी केली. प्रत्यक्षात ब्रिटिश मुली अमेरिकन सैनिकांशी लग्न करून बोटी भरभरून तिकडे चालल्या होत्या, आणि पिक्चरमध्ये मुलगी बोस्टनची अन् मुलगा इंग्रज! प्रेक्षागृहातल्या इंग्रज पोरांना तेवढाच दिलासा.

पण शूटिंग लगेच सुरू होईना. यांना टेक्निकलर, म्हणजे रंगीत फिल्मची त्या काळची पद्धत, हवी होती. त्या पद्धतीत कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन फिल्मी फिरायच्या, कॅमेरे मोजकेच, आणि त्या काळात अमेरिकन सैन्याच्या ट्रेनिंग फिल्म्सना सगळं लागत होतं. म्हणून थांबले, आणि मधल्या वेळात 'आय नो व्हेअर आय ॲम गोइंग!' हा आख्खा पिक्चर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये करून टाकला (तोही भारी आहे, पण ते पुन्हा कधीतरी). शेवटी ऑगस्ट १९४५ मध्ये कॅमेरा फिरायला लागला तेव्हा जपान शरण येत होता.

मला विचाराल तर या उशिरानेच पिक्चर वाचवला. युद्ध चालू असताना निघाला असता तर प्रचारपट झाला असता. तो आला १ नोव्हेंबर १९४६ ला, लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या एम्पायरमध्ये, राजघराण्यासमोर, पहिला 'रॉयल फिल्म परफॉर्मन्स' म्हणून. तोवर ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५ हजारांवर गेलेले होते. म्हणजे हॉलमधल्या कित्येक बायकांचा पीटर परत आलेला नव्हता, आणि पडद्यावर एकजण सांगतोय की मी यायचं नाही म्हणतोय. विमानातून पॅराशूटशिवाय पडून जगणं ही अगदीच थापही नव्हती बरं का, मार्च १९४४ मध्ये निकोलस अल्कमेड नावाचा लँकेस्टरचा गनर १८,००० फुटांवरून पडून झाडं आणि बर्फामुळे खरोखर वाचला होता.

आता रंगांचं. आपण सगळे काय केलं असतं, स्वर्ग रंगीत आणि पृथ्वी कळकट. यांनी उलटं केलं. पृथ्वीवर र्‍होडोडेंड्रॉनची गुलाबी झाडी आणि जूनची लालबुंद लिपस्टिक, तर वरचं जग मोत्यासारखं करडं, स्वच्छ, शिस्तीचं. मॅरियस गोरिंगने केलेला तो दूत, म्हणजे फ्रेंच क्रांतीत मुंडकं उडालेला सरदार, खाली उतरतो तेव्हा त्याच्या कोटावरचं करडं गुलाब बघता बघता रंग धरतं, आणि तो उसासा टाकून म्हणतो की वर टेक्निकलरसाठी जीव तरसतो हो. ज्यांनी स्वतः त्या फिल्मसाठी वाट बघितली त्यांनी लिहिलेला जोक आहे हा. जॅक कार्डिफचा मुख्य कॅमेरामन म्हणून हा पहिला मोठा पिक्चर, आणि समुद्रकिनाऱ्याच्या शॉटला धुकं हवं म्हणून पठ्ठ्याने सरळ लेन्सवर फुंकर मारली. दोन जगांना जोडणारा तो अवाढव्य जिना खरोखरचा सरकता होता, १०६ पायऱ्या, लंडनच्या भुयारी रेल्वेवाल्या इंजिनिअरांनी बनवलेला, आणि सेटवर त्याचं नाव 'एथेल'.

वरचं जग हे ऑफिस का आहे याचं उत्तर मला प्रेसबर्गरमध्ये दिसतं. हंगेरीतला ज्यू, बर्लिनच्या स्टुडिओत लेखक, हिटलर आल्यावर पॅरिसला पळाला, १९३५ ला लंडन. युद्धात ब्रिटनसाठी पिक्चर लिहितोय आणि कागदोपत्री मात्र शत्रू देशाचा माणूस. आई ऑशविट्झमध्ये गेली. नागरिकत्व मिळालं ते १९४६ मध्ये. अशा माणसाने स्वर्ग लिहिला तर तिथे काउंटर आणि रजिस्टर असणारच! मेलेल्यांना पंखसुद्धा लाँड्रीतून आल्यासारखे पारदर्शक कागदात गुंडाळून मिळतात.

खटल्यात सरकारी वकील म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात पहिला मेलेला माणूस, त्याचा इंग्रजांवर राग. ज्युरीत फ्रेंच, दक्षिण आफ्रिकेतला बोअर, रशियन, चिनी, आयरिश आणि एक भारतीय, थोडक्यात ज्यांचं ज्यांचं इंग्रजांशी वाजलंय ते सगळे. १९४६ मध्ये, आपल्या स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, ब्रिटिश पिक्चरने हे स्वतःहून दाखवलंय, याची दाद द्यायला हवी. पण भाषणं फार लांबतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आणि हे सगळं खरं घडतंय की पीटरच्या डोक्यात, हे पिक्चर शेवटपर्यंत सांगत नाही. दूत यायच्या आधी पीटरला तळलेल्या कांद्याचा वास येतो. मेंदूला मार लागल्यावर असे वास येऊ शकतात, म्हणजे डॉक्टरी बाजूही व्यवस्थित अभ्यास करून लिहिलेली, आणि म्हणूनच पोथी मानणारे आणि न मानणारे दोघंही हा पिक्चर आपलाच समजतात.

अमेरिकेत वितरकांना नावात 'डेथ' नको होतं, तिथे तो 'स्टेअरवे टू हेवन' झाला. पुढे पॉवेलच्या १९६० च्या 'पीपिंग टॉम' या पिक्चरवर टीकाकार असे तुटून पडले की त्याचं ब्रिटनमधलं करिअरच बसलं. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीसारख्या चाहत्यांनी या जोडीचं नाव पुन्हा वर आणलं, २०१७ मध्ये फोर-के रिस्टोरेशन झालं, आणि ती लिपस्टिक पुन्हा होती तशी लाल दिसायला लागली.

एक गोष्ट बघताना लक्ष ठेवून बघा. वरचा न्यायाधीश आणि खाली पीटरच्या मेंदूचं ऑपरेशन करणारा सर्जन, दोन्ही रोल एकाच नटाचे, रंगूनमध्ये जन्मलेला अब्राहम सोफेर. मास्क काढतो तेव्हा कळतं. मग पीटर डोळे उघडून जूनला म्हणतो, आपण जिंकलो. ती म्हणते, माहितेय मला. आता तिने तर कोर्ट बघितलेलंच नाही, मग नक्की काय जिंकल्याचं माहितेय तिला?